तिरकस नावाचा रकाना

मंगळवार, १० तारीख
जेवणाची सुट्टी

ताई,

नमस्कार. मी बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आईचा गुडघा कसा आहे? धाकट्या भाच्याने तुझी मापाची टेप पुन्हा कापली का? कापली असेल तर त्याला मारू नकोस, तो मामावर गेलाय.

फोनवर मी चिडतो आणि मध्येच ठेवून देतो, म्हणून तूच फर्मान काढलंस की पत्र लिही, निदान वाक्य तरी पुरं करशील. तर घे पुरी वाक्यं. कारखान्याच्या मागच्या जिन्यावर बसून लिहितोय. डबा बाजूला तसाच आहे, भूक नाही.

तुला खिडकीवालीचं ऐकायचं असतं, माहीत आहे मला. ते नाव तूच ठेवलंस, आता तिच्यासमोर माझ्या तोंडून निघेल की काय अशी धास्ती असते. पण आधी आमचं काम सांगतो, नाहीतर तू पुन्हा म्हणशील, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी भांडतं का.

खाली चष्म्याच्या काचा घासायची यंत्रं, आणि त्यांच्या वर एक खोली, त्यात आम्ही: ती खिडकीशी, मी तिच्या मागे. चष्म्याच्या दुकानांतून लोकांचे नंबर येतात ते तिच्या प्रोग्रामवर. तो त्यांचं पुडकं बांधून माझ्या प्रोग्रामकडे पाठवतो. माझा प्रोग्राम यंत्राला सांगतो, काच अशी घास. तिचा प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला, माझा दुसऱ्या. तिच्या भाषेत दोन शब्द जोडताना दुसऱ्याचं पहिलं अक्षर मोठं करतात, उंटाच्या पाठीसारखं. माझ्या भाषेत दोघांच्या मध्ये खाली एक रेघ मारतात. एकीचं दुसरीला ओ की ठो कळत नाही. कळतं ते फक्त पुडकं. त्यात रकाने, प्रत्येक रकान्याला नाव, नावापुढे आकडा. तुझ्या मापाच्या वहीसारखंच. तू ‘खांदा’ लिहून चौदा लिहितेस, तुझा कारागीर ‘खांदा’ शोधतो आणि चौदा कापतो. उद्या तू तिथे ‘शोल्डर’ लिहिलंस आणि त्याला सांगितलंच नाहीस, तर तो खांदा शोधत बसेल.

आता ऐक. काही लोकांना तिरका नंबर असतो. त्यांच्या काचेत नुसता नंबर पुरत नाही, तो तिरकेपणा किती अंशाच्या कोनात आहे तेही द्यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघंच होतो वर, आणि सगळं पहिल्यापासून लिहीत होतो. त्या दिवशी मी मालकांशी कडाकडा भांडून जागेवर येऊन बसलो होतो. तिने मागे वळून विचारलं, “या कोनाच्या रकान्याला काय नाव देऊ?” मी म्हणालो, “काहीही दे.” ती म्हणाली, “मग तुझंच देते. तिरकस.” आणि टाकलं की! तेव्हापासून तिच्याकडे तिरकस, माझ्याकडे तिरकस. रोज चाळीस-पन्नास पुडकी तिच्याकडून माझ्याकडे यायची आणि प्रत्येकात ते नाव असायचं. मी कुणाला बोललो नाही. तुलाही आज सांगतोय.

आणि मग पदवीधर आला. तीन महिने झाले. खरं नावही आहे त्याला, पण मी घेत नाही. इस्त्रीचा शर्ट, कोमट पाणी पितो, आणि बोलताना ‘आपण’ म्हणतो. “आपण हे असं करूया का?” अरे, आपण म्हणजे कोण? तू आणि ती, की मी पण? त्याच्या विनोदांना विनोद म्हणायचं धाडस कुणी करणार नाही, पण ती हसते. चांगली मान मागे टाकून हसते. मी दोन वर्षांत तिला तसं चारदा हसवलं असेल, तेही दोनदा खुर्चीवरून पडून.

रोज सहा वाजले की ती आपली खुर्ची ओढत त्याच्या टेबलाशी नेते. एक पडदा, दोन डोकी, तासभर. मी विचारलं, “काय चाललंय?” “शिकतेय.” “काय?” “तुला काय करायचंय?” मी चपला घालतो, सावकाश घालतो, आणि घरी जातो. काय शिकवतो गं तो तिला, जे मला येत नाही?

गेल्या आठवड्यात त्याने नियम काढला, पुडक्यातली सगळी नावं जगाला कळतील अशी हवीत. तिरकसपाशी येऊन थांबला.

“हे तिरकस काय आहे?”

“कोन. ॲक्सिस,” ती म्हणाली.

“मग ॲक्सिसच लिहूया ना. बाहेरच्या कुणाला कळायला हवं.”

“बाहेरच्यांना कळू नये म्हणूनच ठेवलंय,” मी म्हणालो.

“अरे, नाव आहे ते, प्रेमपत्र नाही,” ती म्हणाली. आणि दोघं हसले.

दोघं. एकाच वेळी. ताई, पायाची आग मस्तकात गेली माझ्या. काल, सोमवारी, तिने बदलून टाकलं. आमच्याकडे बदल दिसतो तो असा: तिरकसवर लाल पट्टी, खाली ॲक्सिसवर हिरवी. एक मिनिट लागलं तिला.

आज सकाळी पदवीधराचा निरोप. ‘दुपारी बारापासून हा आकडा ॲक्सिस नावाने येईल. आपल्या बाजूला एक ओळ टाकावी, की बाहेरून ॲक्सिस आलं तर आत तिरकस समजावं. झालं की कळवावं.’ एक ओळ! पाणी आण म्हणावं तसं. मी ‘झालं’ असं कळवलं आणि हे पत्र लिहायला आलो.

कॉलेजचं पुन्हा काढू नकोस. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या हॉलमधून उठून आलो ते आलो. पण कधी कधी वाटतं, तो कागद असता तर मीही ‘आपण’ म्हणालो असतो.

तुझा, जळून कोळसा झालेला,
धाकटा


रविवार, १५ तारीख

ताई,

तुझा निरोप मिळाला. एवढ्या लांब पत्राला एवढंसं उत्तर! आईला नवं तेल लागू पडतंय हे वाचून बरं वाटलं. भावजींना नमस्कार. तू जे विचारलंस त्याकडे येतो, आधी इथलं सांगू दे.

शुक्रवारी दुपारी एक सुतार फळी घेऊन कारखान्यात आला. अंगाने भरभक्कम माणूस, नाकावर आमचा नवा चष्मा. फळी मालकांच्या टेबलावर आपटली.

“ही रेघ सरळ आहे की नाही?”

“नाही,” मालक म्हणाले.

“मला सरळ दिसते! तीस वर्षं हातात करवत आहे माझ्या. काल चौकट बसवली, घरमालकीण म्हणते, दार नशेत आहे की तुम्ही?”

खालची पोरं हसली. मग मालकांनी त्याचा चष्मा मापाच्या यंत्रावर ठेवला आणि हसणं थांबलं. नंबर बरोबर, कोन शून्य. तिथे हवे होते पासष्ट. मग शेजारचा ट्रे तपासला, मग त्याच्या खालचा. तिरका नंबर असलेली प्रत्येक काच शून्य कोनात. मंगळवार दुपारपासूनच्या सदतीस जोड्या, त्यांतल्या बऱ्याचशा लोकांच्या नाकावर गेलेल्या.

का, ते सांगतो. माझ्या प्रोग्रामला एखादा रकाना सापडला नाही तर तो ओरडत नाही, गपचूप शून्य धरतो. तसं मीच लिहिलं होतं, अगदी सुरुवातीला. तेव्हा दर दहा मिनिटांनी कुठला ना कुठला रकाना सापडायचा नाही, यंत्र थांबायचं आणि खालून बोंब यायची. कंटाळून मी लिहून टाकलं, नाही सापडलं तर शून्य घे आणि पुढे हो. आणि शून्य हा कोन म्हणून यंत्राला चालतो. त्याला काय कळणार, हा खरा शून्य की न सापडलेला? हे मी साफ विसरलो होतो. यंत्र थांबेल, असंच मला वाटलं…

असो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत सुरू झालं.

शनिवारी मालकांनी आम्हाला तिघांना उभं केलं. ते जन्मभर काचा घासलेले, आमच्या प्रोग्राममध्ये त्यांना काही वाचता येत नाही, पण कधी बिघडलं ते त्यांना बरोबर कळतं.

“मंगळवारी दुपारी बाराला काय बदललं?”

“एक नाव,” ती म्हणाली.

“कुणी बदललं?”

“मी.”

“आणि तुझ्याकडे रे?” मला विचारलं.

“माझं मी केलं होतं,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती, रागाने वगैरे नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणाचीतरी चादर वाळत होती, तिच्यावरची फुलं मी मोजली.

पदवीधर पुढे झाला. “नियम माझा होता, मला धरा.” बघ! तेवढंही त्यानेच करायचं. म्हणजे आता तिच्यासाठी उभा राहिलेला तो, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर. मालक म्हणाले, “नियम कुणाचा ते नको सांगूस. दुकानदार बुधवारी येणार आहेत, त्यांना मला माणूस दाखवावा लागेल.” तिला म्हणाले, “बाई, बुधवारपर्यंत मला सांग तुझ्याकडून काय चुकलं. नाही सांगता आलं तर गुरुवारपासून येऊ नकोस.”

ती गेली तर तो तरी कुणाला शिकवेल सहानंतर, असं माझ्या मनात आलं. आलं खरं. पुसणार नाही ते, पुरी वाक्यं लिहायची ठरलीत ना.

तू विचारलेल्याचं उत्तर लिहायला कागदावर जागा उरली नाही.

धाकटा


रविवार, २२ तारीख

ताई,

नाही. ती ओळ मी टाकली नव्हती.

तू दोन्ही वेळा एवढंच विचारलंस, “पण ओळ टाकलीस ना?” बाकी प्रेमबीम, पदवीधर, सगळं गाळून. तुझा हा वकिली स्वभाव लहानपणापासून मला आवडत नाही.

‘झालं’ असं मी खोटं कळवलं. वाटलं होतं, बारा वाजता यंत्र अडेल, बोंब होईल, पदवीधराचं तोंड उतरेल आणि ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणेल, बघ ना रे काय झालंय. पाच मिनिटांचा खेळ. बारा वाजले. यंत्र चालूच. मला वाटलं, त्यांनी बेत पुढे ढकलला असेल. मी बघायलाही गेलो नाही. कुणाचा चष्मा असतो तो, हे चार दिवस एकदाही मनात आलं नाही, माझ्या डोळ्यांपुढे सहानंतरची ती खुर्ची होती. शुक्रवारी सुतार फळी आपटून गेला तेव्हा मी धावत वर गेलो. तीन वाजून दहा मिनिटांनी मी ती ओळ टाकली, आणि बदलाच्या टिपेत लिहिलं, ‘किरकोळ’.

याहून वाईट एक आहे. या मंगळवारी, १७ तारखेला, मी जिन्यावर होतो. एक माणूस आला, म्हणाला, ऑफिस कुठे? त्याची आई शाळेत गणित शिकवते. नव्या चष्म्यातून पायरी नको तिथे दिसली, पडल्या, उजवं मनगट मोडलं. मी त्याला वरचा दरवाजा दाखवला. “डावीकडे,” म्हणालो. आणि चहा प्यायला निघून गेलो. वर तो सगळा राग कुणाच्या वाट्याला आला असेल, ते तू ओळख.

बुधवारी दुकानदार आले. खाली यंत्रांच्या मध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तिची पिशवी भरलेली होती, तिच्यातून पाण्याची बाटली आणि खिडकीतलं छोटं रोप डोकावत होतं. रोप बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, “ओळ माझी होती.”

“कसली ओळ?” मालक.

सांगितलं. निरोप, ‘झालं’, शून्य, शुक्रवार.

“विसरलास?”

“नाही. मुद्दाम.”

“कशासाठी?”

सगळी यंत्रं बंद होती, नाहीतर त्या आवाजात काहीतरी पुटपुटलो असतो. “नावासाठी,” मी म्हणालो. एक दुकानदार फिस्सकन हसला. मालकांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पण माझ्याकडे बघितलं नाही. “बाई, पिशवी वर ने,” तिला म्हणाले. मग मला, “पळून जायचं नाही. सदतीस लोकांना स्वतःच्या हाताने लिहायचं, काय केलंस आणि का, आणि खाली पूर्ण नाव. शिक्षिकाबाईंकडे स्वतः जायचं. महिनाअखेरीस मग नीघ.”

जिन्यात मी तिला गाठलं. ती रोप छातीशी धरून उभी होती. चेहऱ्यावर आश्चर्य नावाला नव्हतं.

“तुला माहीत होतं?”

“शनिवारी सकाळीच. मंगळवारी ‘झालं’ म्हणालास, ओळीवर तारीख शुक्रवारची. तीन दहा.”

“पण माझी भाषा तुला कुठे वाचता येते?”

“मग सहानंतर मी काय शिकत होते?”

ताई, खरं सांगतो, एवढं सगळं झाल्यावरसुद्धा माझ्या आत काहीतरी उडी मारून उठलं. मी मूर्खासारखं विचारलं, “माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी काय! तू रुसून दोन दिवस आला नाहीस की खालची यंत्रं बंद. मालक म्हणाले, कुणीतरी याचं वाचायला शिका. त्याला येत होतं, मी शिकले.”

“मग शनिवारीच का नाही बोललीस?”

“बघत होते,” ती म्हणाली. “तू किती दिवस माझ्या तोंडाकडे बघत गप्प राहू शकतोस ते.” पायरी चढली, वळली. “चार. सुट्टी धरली तर पाच. बरेच झाले रे.”

पदवीधरालाही ठाऊक होतं. तिने त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि तो राहिला. ‘मला धरा’ म्हणाला तेव्हाही त्याला कळलेलं होतं. मला तो आता पूर्वीपेक्षा जास्त सलतो.

गुरुवारी दोन्ही बाजू तपासायला बसलो तेव्हा पहिल्यांदा तिचा प्रोग्राम आतून बघितला. मी फक्त लाल-हिरव्या पट्ट्या बघितल्या होत्या ना! ती पट्टी पुडक्यावरच्या नावाची होती. तिने तेवढंच बदललं होतं, रकान्याच्या डोक्यावर एक ओळ लिहून: बाहेर जाताना ॲक्सिस. आत सगळीकडे तिरकसच आहे अजून. साठेक ठिकाणी. त्या नावावर जीव म्हणून ठेवलंय की साठ ठिकाणी बदलायचा कंटाळा म्हणून, ते तिला विचारता येईल असं माझं तोंड उरलं नाही.

काल शिक्षिकाबाईंकडे गेलो. प्लॅस्टर कोपरापर्यंत. पाट्या, वह्या, डाव्या हाताने केलेली वाकडीतिकडी बरोबरची चिन्हं. मी सगळं सांगितलं. रागावतील म्हणून खाली बघत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं.

“थांब. सापडलं नाही तर शून्य, हे तुला कुणी शिकवलं?”

“मीच लिहिलं.”

“काही नसणं आणि शून्य असणं यात फरक असतो. सातवीच्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात सांगते. उत्तर येत नसेल तर जागा रिकामी सोडा आणि हात वर करा. कुठवर शिकलास?”

“मध्येच सोडलं.”

“दिसतंय,” त्या म्हणाल्या, आणि मुलाला मला पाणी द्यायला सांगितलं.

आता माझा प्रोग्राम हात वर करतो. रकाना सापडला नाही की यंत्र थांबतं आणि लाल दिवा लागतो. काल परत येऊन तसं लिहिलं, संध्याकाळपर्यंत दोनदा लागला. खालून बोंब आली, तिने वरून उत्तर दिलं, मी मध्ये बोललो नाही.

सदतीस पत्रं झाली. पहिल्या दहांत मी कारणाची जागा गुळमुळीत ठेवली होती, मालकांनी फाडून पुन्हा लिहायला लावली. आता सगळ्यांत सरळ लिहिलंय: मत्सरापोटी. मी हे पत्र कारखान्यातूनच लिहितोय, रविवार असला तरी पुढच्या माणसासाठी कागद करून ठेवायचेत. पुढचा माणूस म्हणजे तीच. तिच्या बाजूचं नाव हे, माझ्या बाजूचं ते, पुडक्यावरचं तिसरं. सत्तेचाळीस रकाने, एकही न गाळता. ती आणि तोही आज आलेत, पलीकडच्या टेबलाशी आहेत. आत्ता ती हसली. तसंच, मान मागे टाकून. ताई, जळतंय गं अजून. मला वाटलं होतं, कबूल केलं की विझेल. नाही विझत. फक्त आता त्या धगीत मी काही करत नाही, बसून राहतो.

तिला एक पत्र लिहायचंय. मालकांच्या यादीत ते नाही, माझं मी लिहितोय. चारदा कागद घेतला. तारीख घालतो, पुढे मायना, आणि तिथेच हात थांबतो. ‘प्रिय’ लिहायचा हक्क नाही, नुसतं नाव लिहिलं तर मालकांच्या यादीतल्यासारखं दिसतं, आणि ज्या नावाने मी तिला दोन वर्षं मनात हाक मारली ते तिला माहीतही नाही. तेवढी जागा रिकामी आहे. काहीतरी भरून पुढे जायची सवय होती मला. या वेळी रिकामीच राहू देतोय.

आईला काही सांगू नकोस. पुढच्या रविवारी येतो, माझ्या तोंडाने सांगेन. तू फक्त शेजारी बस.

तुझा
धाकटा